विमा गाडीचा, लायसन चालवणाऱ्याचे

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटे दिली आणि विषय माझ्यावर सोडला. शाळेच्या आठवणी रंगवून सांगणारे माझ्यापेक्षा चांगले वक्ते समोर बसलेले आहेत, ते काम त्यांनाच शोभते. मी एकवीस वर्षे वाहनविम्याच्या दाव्यांचे काम करते. त्यातलेच थोडे आज बोलणार आहे, कारण आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या आसपास आलो आहोत आणि आपली मुले नेमकी पंधरा ते वीस या वयात आहेत.

दहावीचा निकाल लागला की आपल्या ग्रुपवर पेढ्यांच्या फोटोसोबत आणखी एक फोटो येतो. नवी गाडी, तिला हार, आणि हँडलवर हात ठेवून उभे असलेले सोळा वर्षांचे लेकरू. खाली आपण सगळे अभिनंदनाचे मेसेज टाकतो. मुलाने कष्ट केले, बापाने शब्द पाळला, आनंद होण्यासारखीच गोष्ट आहे. आणि गरजही खोटी नाही. केनवडहून रिसोडला किंवा वाशिमला क्लासला जायचे तर एसटीची वेळ आणि क्लासची वेळ जुळत नाही, काळी-पिवळी भरल्याशिवाय निघत नाही, आणि मुलगी असेल तर अंधार पडायच्या आत घरी आली पाहिजे ही आईची काळजी. म्हणून गाडी येते. त्याबद्दल कोणाला दोष द्यायला मी उभी नाही. त्या गाडीच्या कागदात काय लिहिलेले आहे, एवढेच सांगायचे आहे.

आपल्या बॅचचे एक-दोन जण अमेरिकेत आहेत. तिथे सोळा वर्षांच्या मुलाचे नाव गाडीच्या पॉलिसीत घातले की हप्ता एकदम वाढतो. नवा चालक म्हणजे जास्त धोका, हे तिथली कंपनी सरळ बिलावर लिहून दाखवते. मुलाला शाळेत चांगले मार्क असतील तर काही कंपन्या सूटही देतात. त्यामुळे तिथला बाप किल्ली देण्याआधी चार वेळा हिशोब करतो.

आपल्याकडे तसे नाही. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते आणि तो इंजिनाच्या सीसीवर ठरतो, चालवणाऱ्याच्या वयावर नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये. मोटारीला १००० सीसीपर्यंत २,०९४, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये. जीएसटी वेगळा. गाडी पन्नाशीचा बाप चालवो की अठरा वर्षांचा मुलगा, रक्कम तीच. म्हणून आपला समज असा होतो, की मुलगा गाडी चालवू लागला तरी विम्यात काही फरक पडत नाही.

फरक पडतो. पण तो हप्ता भरताना दिसत नाही, अपघात झाल्यावर दिसतो. पॉलिसीत एक चालकाचे कलम असते. त्यात म्हटलेले असते, की गाडी चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी त्या प्रकारच्या गाडीचे चालू लायसन असले पाहिजे. विमा गाडीचा असला तरी तो उभा राहतो चालवणाऱ्याच्या लायसनवर. आज माझ्या भाषणातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे एक वाक्य घरी घेऊन जा.

आता सोळा वर्षांच्या मुलाला लायसन मिळते का? मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी चालवायचे वय १८. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, तीही पालकांच्या लेखी संमतीने लायसन काढून. आपल्या लहानपणी ५० सीसी म्हटले की लुना. कायनेटिकची ही लुना १९७२ साली बाजारात आली आणि आपल्या कितीतरी गुरुजींनी तिच्यावर नोकरी काढली. आज शोरूममध्ये जाऊन बघा, मुलीसाठी घेतो ती स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची असते आणि मुलगा मागतो ती त्याहून मोठी. म्हणजे कायद्यातली ती सोळा वर्षांची सवलत आपल्या मुलांच्या हातातल्या गाडीला लागूच होत नाही. "गिअर नसलेली गाडी चालते" असे आपण एकमेकांना सांगतो. ते खरे नाही, सीसी बघायचे असते. बॅटरीच्या गाडीतही ज्या गाडीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, तीच लायसनमधून सुटते. त्याहून जोरात पळणारी बॅटरीची स्कूटर म्हणजे नंबर, लायसन आणि विमा लागणारी गाडीच.

मागे एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन बसले होते. शेजारच्या तालुक्यातले, चार एकर कोरडवाहू. सतरा वर्षांचा मुलगा मोटारसायकल घेऊन क्लासला निघाला होता, वाटेत एका पायी जाणाऱ्या मजुराला धडक बसली आणि तो माणूस गेला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून पॉलिसी काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, पॉलिसी त चालू हाये ना. मी एक दिवस बी खंड पडू देला नाही." पॉलिसी खरोखर चालू होती. हप्ता वेळेवर भरलेला होता. लायसनच्या रकान्यात मात्र लिहायला काही नव्हते. त्या माणसाने विम्याचे पैसे भरले होते आणि तरीही तो विम्याशिवाय उभा होता. आणि गेलेल्या माणसाच्या घरीही बायको-लेकरे होतीच. त्यांचे पैसे कोण देणार, कधी देणार, हा प्रश्न त्यांच्याही दारात उभा होता.

अशा वेळी न्यायालये काय करतात? सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात ठरवले, की ज्याचे नुकसान झाले त्या कुटुंबाला ताटकळत ठेवू नये. योग्य प्रकरणात कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करावी. २००८ च्या एका निकालात गाडी चालवणारा अल्पवयीन असल्याने कंपनीला जबाबदारीतून मोकळेच केले. २०११ च्या एका प्रकरणात मालकाचे म्हणणे होते, की मुलाने न विचारता किल्ली नेली. न्यायालयाने ते ऐकले नाही. आपल्या गाडीचा गैरवापर होणार नाही हे बघणे मालकाचे काम, असे सांगून कंपनीने दिलेले पैसे मालकाकडून वसूल करण्याचा आदेश कायम ठेवला. वाट कोणतीही असो, शेवटचा भार येतो तो आरसी बुकवर ज्याचे नाव आहे त्याच्यावर.

हा भार केवढा असतो? हिशोब करून बघू. गणिताच्या सरांची परवानगी गृहीत धरते. समजा, गेलेला माणूस ३८ वर्षांचा मजूर. महिन्याची कमाई १२,०००. घरात बायको, दोन मुले, म्हातारी आई. वर्षाची कमाई १,४४,०००. पुढे त्याची कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवतात, झाले २,०१,६००. त्यातला चौथा हिस्सा त्याचा स्वतःचा खर्च म्हणून वजा करतात, राहिले १,५१,२००. आणि ३६ ते ४० वयासाठी त्याला १५ ने गुणतात. उत्तर येते २२ लाख ६८ हजार. यावर अंत्यविधी वगैरेंच्या रकमा आणि व्याज वेगळे. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिली आहे, देशभर तीच चालते. थर्ड पार्टी विमा नीट उभा असेल तर मृत्यू किंवा इजेच्या प्रकरणात ही सगळी रक्कम ७१४ रुपयांच्या हप्त्यात येते. लायसन नसेल तर ती सातबाऱ्यावर येते. किती एकर, ते ज्याने त्याने मनात मोजावे.

पैशाशिवाय कायदाही आहे. कायद्यात दुरुस्ती होऊन १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९९ अ लागू झाले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. मला माहीत नव्हते किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करायचे ओझे पालकावरच असते. ज्या मुलाकडे त्याच्या वयाला मिळणारे लायसन आहे आणि तो त्याच प्रकारची गाडी चालवत आहे, तेवढा अपवाद.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला जे झाले ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्श गाडी, दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, आणि जामिनाच्या अटीत तीनशे शब्दांचा निबंध. तेव्हा आपण ग्रुपवर खूप चिडून लिहिले, आणि ते योग्यच होते. पण कलम पोर्शसाठी वेगळे आणि स्प्लेंडरसाठी वेगळे नाही. पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही, म्हणजे ज्या मुलाला पुढे पोलीस भरतीत चालक व्हायचे आहे किंवा पुण्यात जाऊन डिलिव्हरीचे काम करून शिकायचे आहे, त्याची ती वाट बंद होते.

ट्रॅक्टरचेही तेच. सोयाबीन निघाले की मळणी, बाजार समिती आणि रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग, आणि स्टिअरिंगवर नववी-दहावीतली मुले. आपल्या वावरात ट्रॅक्टर चालवणे वेगळे आणि डांबरी रस्त्यावर आणणे वेगळे. रस्त्यावर आला की तिथे लायसन लागते. मडगार्डवर बसलेला माणूस हा विम्याच्या दृष्टीने प्रवासी नाही, कारण ट्रॅक्टरवर जागा एकाचीच असते. ट्रॉलीचा विमाही वेगळा बघून घ्यावा लागतो. ट्रॅक्टरची पॉलिसी आहे म्हणजे मागे जोडलेली ट्रॉलीही आली, असे समजू नका.

आता मूल अठरा वर्षांचे झाले, लायसनही निघाले, असे धरू. मग काय काय बघायचे ते क्रमाने सांगते.

पहिले, गाडीला नेमका कोणता विमा आहे. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि मोटार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. त्यामुळे "पाच वर्षे बघायचे काम नाही" असे आपण समजतो. पण त्या कागदात पाच वर्षे असतात ती बहुतेक वेळा फक्त थर्ड पार्टीची. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला आपण फर्स्ट पार्टी म्हणतो, तो अनेकदा एकच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेली की मग कागद उघडला जातो. दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचा.

दुसरे, मालकाचा अपघात विमा. पॉलिसीसोबत १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा असतो. तो कोणाचा? आरसीवर नाव असलेल्या आणि स्वतःकडे लायसन असलेल्या मालकाचा. गाडी बापाच्या नावावर आणि चालवतो मुलगा, तर मुलगा घसरून पडला तेव्हा हे १५ लाख त्याला लागू होत नाहीत. समोर दुसरी गाडी नसेल तर थर्ड पार्टीतूनही त्याला काही मिळत नाही, कारण मालकाची गाडी वापरणारा हा मालकाच्या जागीच धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०२० मध्ये सांगितले आहे. आपल्याकडे गाडी बायकोच्या नावावर घ्यायची पद्धत वाढली आहे, चांगली गोष्ट आहे. पण वहिनींकडे लायसन नसेल तर हा विमा त्यांच्याही कामाचा नाही. मग मार्ग काय? रोजचा चालवणारा अठरा पूर्ण झालेला मुलगा असेल तर गाडी त्याच्या नावावर करून त्याचा १५ लाखांचा विमा काढा, किंवा त्याच्यासाठी स्वतंत्र अपघात विमा घ्या. अगदी काही नाही तर बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. तेवढे तरी प्रत्येक घरात असावे.

तिसरे, मागे बसणारा मित्र. फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेला माणूस आपोआप धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हे स्पष्ट केले आहे. आपल्या मुलाच्या मागे दुसऱ्याचा मुलगा बसून क्लासला जातो, आणि त्या मुलाचे आईबाप याच गावातले, कदाचित याच हॉलमधले असतात. मागे बसणाऱ्याचा अपघात विमा पॉलिसीत जोडून मिळतो. विचारून घ्या.

चौथे, मोटार असेल तर घसारा. नवीन हात म्हटला की गोठ्याच्या भिंतीला बंपर लागणारच. दाव्यात प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के कापले जातात, आणि बंपर प्लॅस्टिकचा असतो. पहिल्या एक-दोन वर्षांसाठी झिरो डेप्रिसिएशन जोडून घेणे अशा घरात परवडते. पण प्रत्येक ओरखड्याला दावा करू नका. दावा न केल्यास मिळणारी सूट पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. दोन हजारांच्या कामासाठी ती घालवण्यात अर्थ नाही.

पाचवे, जुन्या गाड्या. मुलाला शिकायला म्हणून आपण जुनी गाडी घेतो आणि आरसीवर नाव राहते विकणाऱ्याचे. अजूनही गावात एमएच-३० च्या गाड्या तिसऱ्या हातात फिरताना दिसतात. घेणाऱ्याच्या नावावर विमा नसेल तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. आणि विकणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आरसीवर ज्याचे नाव तोच मालक. तुम्ही तीन वर्षांपूर्वी विकलेली गाडी कुणाचा तरी पोरगा उडवतो आणि नोटीस तुमच्या घरी येते. विकली की नाव बदलल्याशिवाय गाडी दारातून हलवू देऊ नका, आणि विमाही चौदा दिवसांच्या आत बदलायला सांगा.

शिकायचे कसे, हाही प्रश्न येतो. अठरा पूर्ण झाले की शिकाऊ लायसन काढा. त्याची मुदत सहा महिने असते आणि एक महिन्यानंतर पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. शिकाऊ लायसनवरही विमा चालतो, पण सोबत लायसन असलेला शिकवणारा हवा आणि गाडीवर लाल एल हवा. एल लावून एकटाच रिसोडला गेला तर तो नियम मोडला, आणि वाद तिथूनच सुरू होतो.

एक शेवटची गोष्ट बोलणे अवघड आहे, पण बोलते. अपघात झाला की गावात पहिला सल्ला मिळतो, "गाडी बापच चालवत होता असं सांगा." प्रेमापोटीच देतात. देऊ नका आणि घेऊ नका. पंचनामा, साक्षीदार, दवाखान्याचे कागद, मोबाइल, आणि आता रस्त्यावरचे कॅमेरे, सगळे जुळवून पाहणारे लोक असतात. मी त्यातलीच एक आहे. खोटे उघडे पडले की विमाही जातो, बापावर दुसरा गुन्हा चढतो आणि पोरगा काय शिकतो ते वेगळेच. आधी जखमीला दवाखान्यात न्या, पोलिसांना खरे सांगा, कंपनीला कळवा. एवढेच करायचे असते.

आता दोन विनंत्या. मित्रमैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर आरसी बुक, पॉलिसी आणि मुलाचे लायसन हे तीन कागद एकत्र ठेवून वाचा. नाव जुळते का, तारखा चालू आहेत का, लायसनवरचा गाडीचा प्रकार बरोबर आहे का. तिसरा कागद नसेल तर किल्ली कपाटात ठेवा. मुलगा रागावेल, दोन दिवस जेवणार नाही, मग जेवेल. तोवर आपण क्लासची चार घरे मिळून एक रिक्षा लावू शकतो, आगारात एसटीच्या वेळेसाठी सह्यांचा अर्ज देऊ शकतो. आपली बॅच एवढी मोठी आहे, तेवढे जमेल.

आणि गुरुजनांना विनंती, की दहावीच्या निरोप समारंभाला दरवर्षी वाशिमच्या परिवहन कार्यालयातला एखादा अधिकारी बोलवावा. मुलांसोबत पालकांनाही बसवावे. त्या दिवशी बोलणारे कोणी मिळाले नाही, तर मी येईन. या शाळेत मला बोलवायला पत्राची गरज नाही.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलेत. वर्गात असताना असे क्वचितच घडले, सर साक्षीला आहेत.